राहूचं घड्याळ कुठल्या देशाचं?

जून लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. म्हणणं असं: २२ म्हणजे २+२=४, चार हा राहूचा अंक, म्हणून २२ जून फुटबॉलला बाधतो. पुरावे चार. विश्वचषकात १९७४ ला पूर्व जर्मनीकडून हरून पश्चिम जर्मनीचं वाटोळं झालं, १९८६ ला अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, १९९४ ला स्वयंगोलापायी कोलंबियाच्या एस्कोबारचा त्याच रात्री खून झाला, आणि स्पेन या तारखेला पेनल्टीवर हरतोच हरतो. यंदा तो पाठवला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर भर पावसात उभं राहून सामने पाहिलेला माणूस! म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पश्चिम जर्मनी हॅम्बुर्गमध्ये स्पारवासरच्या गोलमुळे ०-१ हरली, हे खरं. पण हरल्यामुळेच पुढच्या फेरीत तिला पोलंड, स्वीडन आणि युगोस्लाव्हिया मिळाले. जिंकलेल्या पूर्व जर्मनीच्या पदरात काय पडलं, तर नेदरलँड्स, ब्राझील, अर्जेंटिना. ७ जुलैला म्युनिकमध्ये कप पश्चिम जर्मनीनेच उचलला. असली बाधा मला चालेल.

एस्कोबारचा खून त्या रात्री झाला नाही. अमेरिकेविरुद्धचा तो सामना कॅलिफोर्नियात झाला. खून २ जुलैला, कोलंबियात परतल्यावर, मेडेयीनमध्ये. मधल्या काळात कोलंबियाने स्वित्झर्लंडला हरवलंसुद्धा. एका माणसाच्या मरणाची तारीख अंकशास्त्रात बसावी म्हणून दहा दिवस मागे ओढायची, हे मला बरं वाटत नाही.

आता स्पेन. इथे मेसेजमध्ये दम आहे. १९८६ ला बेल्जियम, १९९६ ला वेम्बलीवर इंग्लंड, २००२ ला दक्षिण कोरिया: तिन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरी, तिन्ही वेळा पेनल्टी, तिन्ही वेळा २२ जून. अंगावर काटा येतो खरा. पण स्पर्धा जूनमध्ये भरवल्या की उपांत्यपूर्व सामने याच सुमाराला येणार, त्यात नवल ते काय? शिवाय स्पेन २००० च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपच्या चषकात, फ्रान्सकडून २५ जूनला हरला, राऊलने शेवटी पेनल्टी बाहेर मारली. १९९४ ला इटलीकडून ९ जुलैला हरला. हे मेसेजमध्ये नाही, कारण राहूच्या हिशेबात बसत नाही. आणि २००२ ला स्पेनचे दोन गोल नाकारले, मोरिएन्तेसच्या वेळी तर चेंडू रेषेबाहेर गेलाच नव्हता. झेंडा वर केला तो लाइन्समनने, ग्रहाने नव्हे.

मेसेज २००२ लाच थांबतो. २२ जून २००८, व्हिएन्ना, समोर इटली, पुन्हा उपांत्यपूर्व, पुन्हा पेनल्टी. स्पेनचा गोलरक्षक कॅसिलासने दोन अडवल्या, फॅब्रेगासने शेवटची मारली. आठवड्याभरात स्पेन युरोप विजेता.

पण माझं खरं भांडण घड्याळाशी आहे. व्हिएन्नातला तो सामना सुरू झाला तेव्हा मुंबईत रात्रीचे सव्वाबारा, म्हणजे २३ तारीख. एस्कोबारचा स्वयंगोल आपल्याकडे २३ च्या पहाटे. १९८६ ला मेक्सिकोत मॅराडोनाचा सामना भर दुपारी बाराचा, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मॅराडोनाचा हात चेंडूला लागला ५१ व्या मिनिटाला, तोवर इथे साडेबारा उलटून गेले होते. १९९६ आणि २००२ चे सामने आपल्या २२ लाच झाले, तेवढं मान्य. काका म्हणतील, पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो. बदलतो ना, पण २२ हा आकडा पंचांगाचा नाहीच, तो इंग्रजी महिन्याचा. तो मध्यरात्रीच बदलणार. राहूने दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये.

१९८६ चा तो सामना आम्ही लालबागच्या चाळीत दूरदर्शनवर पाहिला. एक जण गॅलरीत छत्री धरून अँटेना फिरवत होता. बाबा कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायचे, जूनचं ते पान अजून माझ्याकडे आहे. २२ च्या चौकोनात 'दूध १ लि.' २३ च्या चौकोनात 'दूध १ लि.', आणि खाली त्याच पेन्सिलीने, 'मॅराडोना २'.