किक आहे का?

पप्याच्या हातात क्लच प्लेटांचा सेट होता. पाकीट फाडलेलं, वरच्या प्लेटवर ऑइलचे ठसे. माल परत जाणार नाही हे त्यालाही कळत होतं, तरी विकणाऱ्याच्या नावानं शंख चालू होता. "साइटवर रॉयल एनफिल्ड क्लासिक साडेतीनशे टाकलं, मॉडेल २०२१ टाकलं, दोन्ही बरोबर. तरी बसत नाही म्हणजे मालच डुप्लिकेट!"

"किक आहे का रे तुझ्या गाडीला?" अण्णांनी विचारलं.

"क्लचचा आणि किकचा काय संबंध, अण्णा?"

"आहे का नाही, तेवढं सांग."

"आहे."

"मग माल डुप्लिकेट नाही. दुसऱ्या इंजिनाचा आहे."

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. निवृत्त झाले तरी समोरच्या वस्तूकडे ती नापास करायच्या नजरेनंच बघतात. त्यांचं म्हणणं असं, की २०२१ सालात क्लासिक साडेतीनशे नावाच्या दोन गाड्या विकल्या गेल्या. जुनी ३४६ सीसीची, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० स्ट्रोकची (पिस्टनची धाव). १ सप्टेंबर २०२१ ला नवी आली ती ३४९ सीसीची, बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, आत थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट. दोन्ही बीएस-६, दोन्ही इंजेक्शनच्या, टाकीचा घाट लांबून तोच. नवीला किक मात्र नाही. पप्याची गाडी सेकंडहँड. पासिंग ऑक्टोबरचं, म्हणून तो ती नवी समजत होता. आरसी काढून बघितली तर उत्पादनाचा महिना जुलै. डीलरकडे उभी असलेली जुनी गाडी दसऱ्याच्या आसपास कोणीतरी नेली असणार.

"हे साइटवाल्यानं विचारायला नको?" मिल्या म्हणाला. मिल्या आयटीत आहे. त्याच्या मते जगातली प्रत्येक चूक ही कोणीतरी नीट न केलेल्या फॉर्मची चूक असते.

"त्यानं विचारलं तरी हा २०२१च सांगणार ना! चेसिस नंबर द्यायचा. सतरा अक्षरं असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच. दहावं अक्षर बहुतेक गाड्यांत वर्षाचं. एल म्हणजे २०२०, एम म्हणजे २०२१."

"मग याच्या गाडीला एम, आणि नव्या क्लासिकलाही एम," रेवती म्हणाली. "काय उपयोग झाला?"

अण्णा जरा थांबले. रेवती गप्प ऐकत असली की आम्ही तिला विसरतो, आणि मग ती असं काहीतरी बोलते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून एक अक्षर नाही, अख्खा नंबर द्यायचा. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तो टाकला की पार्ट नंबर निघतो. आणि ऑर्डर द्यायची ती पार्ट नंबरची. गाडीच्या नावाची नाही."

इतका वेळ शकीलभाई नुसते हसत होते. कोपऱ्यावरचं गॅरेज त्यांचं, आणि नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत त्यांना गल्लीपासून गल्ल्यापर्यंत सगळे ओळखतात. "अण्णा, तुमचा कॅटलॉग तुम्हाला मुबारक. आमचा एकच नियम. जुना पार्ट खोला, पुसा, खिशात टाका, काउंटरवर ठेवा. शेजारी नवा ठेवा. भोकं जुळली, दात जुळले, उंची जुळली, की बांधून घ्या. सतरा अक्षरं पाठ करायला मी काय आरटीओ आहे?"

कट्ट्यावर सरळ दोन तट पडले. पप्या लगेच सॅम्पलच्या बाजूला, कारण त्यानं जुन्या प्लेटा सोबत नेल्या असत्या तर हे झालं नसतं. मिल्या नंबरवाला. रेवती कुणाचीच नाही.

"शकीलभाई, गाडीत बसलेला पार्टच चुकीचा असला तर?" तिनं विचारलं. "बाबांच्या स्प्लेंडरमध्ये आधीच्या माणसानं कुठला तरी स्पार्क प्लग घातला होता. आम्ही तोच काढून दाखवायचो, दुकानदार तसाच द्यायचा. सगळं जुळायचं. गाडी मात्र थंडीत कुरकुरायची ती कुरकुरायचीच."

इथून प्लगचा विषय निघाला, आणि मला विचाराल तर सगळ्या चर्चेत हाच भाग ऐकण्यासारखा होता. काउंटरवर दोन प्लग शेजारी धरले की भावंडं दिसतात. फरक अंगावर छापलेल्या अक्षरांत असतो. अण्णांनी एनजीके या प्लगच्या कंपनीचं उदाहरण घेतलं, सीपीआर८ईए-९. 'सी' म्हणजे आटे १० मिलिमीटरचे. 'डी' असेल तर १२, 'बी' असेल तर १४. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. इंजेक्शनच्या गाडीत तो हवाच, नाहीतर ठिणगीचा गोंगाट ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या कानापर्यंत जातो. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, 'एच' असेल तर १२.७. शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिलिमीटर.

"आखूड प्लग लांबच्या जागी घातला तरी आवळला जातो," अण्णा सांगत होते. "गाडी चालूही होते. इंजिनाच्या हेडमधले उरलेले आटे उघडे राहतात, त्यात काजळी भरते. पुढं कोणी बरोबर लांबीचा प्लग घालायला गेलं की तो अडकतो, जोर लावला की आटे गेले. आणि आखूडच्या जागी लांब घातला तर टोक आत घुसतं. नशीब वाईट असलं तर पिस्टन येऊन भेटतो."

"आणि मधला आठ?" मिल्यानं विचारलं.

तो उष्णतेचा आकडा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा वाढला की गरम. म्हणजे 'तिथे सात होता, इथेही सातच दे' असं म्हणून कंपनी बदलली तर भलताच प्लग घरी येतो. शकीलभाईंनी यावर वाद घातला नाही. प्लग आपण डब्यावरचा तक्ता बघूनच घेतो, असं मोघम म्हणाले. कधीपासून, ते कोणी विचारलं नाही.

पण ते हार मानणाऱ्यातले नव्हेत. "आता माझं ऐका. गाडी आली, धूर मारतेय. सिलिंडरचा ब्लॉक खोलला, पिस्टन बदलायचाय. अण्णा, द्या तुमचा चेसिस नंबर. काय येईल?"

"स्टँडर्ड पिस्टन."

"आणि ब्लॉक आधीच एकदा बोअर करून घेतला असेल तर? जुन्या पिस्टनच्या डोक्यावर पन्नास कोरलेलं असतं. म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा. तुमचा कंपनीचा, सीलबंद, बिलासकट आलेला पिस्टन त्या ब्लॉकमध्ये खडखड वाजेल. तिथे माझं सॅम्पलच बोलतं."

यावर अण्णांनी चक्क मान डोलावली. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा मापांत ओव्हरसाइज पिस्टन येतात, आणि गाडीत कुठला बसलाय हे चेसिस नंबरच्या बापाला माहीत नसतं. नंबर सांगतो कारखान्यातून काय निघालं. सॅम्पल सांगतं आज आत काय आहे. सेकंडहँड गाडीत या दोन गोष्टी एक असतील असं धरून चालणं म्हणजेच चुकीच्या पार्टचे पैसे भरणं, असं माझं आपलं मत. दोन्ही न्यावं. आणि दोन्ही जुळलं नाही तर काउंटरवर भांडण्याऐवजी आधीच्या मालकाला फोन करावा, त्यानं काय उद्योग केलेत ते विचारावं. मागचं चाक दुसऱ्या मॉडेलचं घालणारे, हँडल उंच करून क्लच वायर लांब टाकणारे, हौसेनं स्प्रॉकेटचा एक दात कमी करणारे असे मालक काही कमी नाहीत.

सॅम्पलची आणखी एक गोम रेवतीनंच काढली. सॅम्पल झिजलेलं असतं, झिजलं म्हणून तर बदलायचं. झिजलेल्या ब्रेक लायनरची जाडी किंवा ताणलेल्या चेनची लांबी दाखवून कसं चालेल? चेनच्या बाबतीत माप सोपं आहे. ४२८ म्हणजे पिच अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ५२० म्हणजे १५.८७५. लांबी पट्टीनं मोजायची नाही, कड्या मोजायच्या. आणि चेन एकटी बदलायची नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट बदलायची. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, कट्ट्यावर क्वचित होतं तसं.

मग मिल्यानं आपलं ठेवणीतलं काढलं. "एवढी डोकेफोड कशाला? शोरूममध्ये जायचं, कंपनीच्या डब्यातलं घ्यायचं, संपलं."

"बेअरिंगसुद्धा?" अण्णांनी विचारलं. "गाडीची कंपनी बेअरिंग बनवत नाही रे. चाकातल्या बेअरिंगवर नंबर असतो. ६३०१ म्हटलं की आतलं भोक १२, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. ६२०२ म्हटलं की १५, ३५, ११. जगात कुठंही जा, हेच. बेअरिंगच्या दुकानात जा, चांगल्या मेकचं माग, गाडीचं नावसुद्धा काढू नको. फक्त इंजिनातल्या बेअरिंगवर नंबराच्या पुढे सी३ असेल तर सी३च घ्यायचं. आतली फट मुद्दाम जास्त ठेवलेली असते, तापल्यावर फुगायला जागा म्हणून. साधं घातलं तर थंड असताना मख्खन, गरम झाल्यावर घरघर."

"पण नामांकित बेअरिंगचेच डुप्लिकेट जास्त," शकीलभाई म्हणाले. हे खरंच आहे. जे खपतं त्याचीच नक्कल होते. त्यामुळे बिल देणारं दुकान, पाकिटावर छापील किंमत, पॅकिंगचा महिना आणि बनवणाऱ्याचा पत्ता, एवढं तरी बघावं. बिल नको म्हटल्यावर भाव उतरत असेल तर तो कशाचा भाव आहे हे आपण ओळखावं.

मिल्याला गप्प करायला पप्यानं त्याचा बल्ब काढला. मिल्यानं हेडलाइटला ३५/३५ वॅटच्या एचएस१च्या जागी ६०/५५चा एच४ लावला होता. काच तीच, खाच जवळजवळ तीच, उजेड झकास. थोड्याच दिवसांत होल्डर वितळला. वायरिंगला आणि स्विचला ३५ वॅटची सवय, त्यांना कोण विचारतं? "तो प्रयोग होता," मिल्या म्हणाला.

ऑइलवर फार वेळ गेला नाही. मोटरसायकलचा क्लच ऑइलात बुडालेला, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा दर्जा छापलेला हवा. कारचं उरलेलं ऑइल ओतलं तर क्लच घसरतो. एमबी स्कूटरचं. पुढे.

खरी ठिणगी पडली पैशांवरून. रेवतीनं सरळ विचारलं, "शकीलभाई, मेस्त्रीला काउंटरवर वेगळा भाव मिळतो ना? मग मीच जाऊन आणलं तर काय वाईट?"

क्षणभर शांतता. शकीलभाई चिडतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे बोलले. "मिळतो. लपवत नाही. पण मी आणलेला पार्ट चुकला तर मीच पळतो परत, गाडी तशीच खोलून ठेवतो, मजुरी एकदाच घेतो. तुम्ही आणलेला चुकला तर गाडी माझी जागा अडवून बसणार, आणि तुम्ही म्हणणार मेस्त्रीनं बसवला नाही. चुकीच्या पार्टची जबाबदारी कोणाची, ते आधी ठरवा. मग पार्ट कोणी आणायचा ते ठरवू."

मला हे पटलं. रेवतीला अर्धंच पटलं. तिची अट अशी, की जुना पार्ट आणि नव्याचं रिकामं पाकीट दोन्ही तिच्या हातात मिळालं पाहिजे. पाकिटावर पार्ट नंबर असतो, पुढच्या वेळेसाठी तोच जपून ठेवायचा. शकीलभाईंनी ते कबूल केलं. आरसा, सीट कव्हर, लेग गार्ड वगैरे लोकल घ्या, हेही त्यांनीच सांगितलं. ब्रेक, हँडलचा कोनसेट आणि टायर या तिघांत मात्र घासाघीस नको.

एवढ्यात शकीलभाईंना स्वतःचं दुखणं आठवलं. त्यांची यामाहा आरएक्स शंभर. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघालेली गाडी, आता तिचा पार्ट मिळणं म्हणजे स्थळ बघण्यापेक्षा अवघड. क्रँकचं सील गेलंय, गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढून पांढरा धूर सोडते. एका जुन्या दुकानदाराकडे कंपनीच्या जुन्या पाकिटातलं सील आहे म्हणे. पाकीट न फोडलेलं, भाव सोन्याचा.

"घेऊ नका," अण्णा म्हणाले. "रबर पाकिटातही म्हातारं होतं. लोखंडाचा पार्ट जुन्या साठ्यातला चालेल, सील नाही. मापावर नवं घ्या. सीलवर तीन आकडे असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी."

"अण्णा, ते आकडे कधीच घासून गेलेत."

"शाफ्ट तर आहे ना? सील बसायचं घरही आहे. ते मोजू. पण दुचाकीचं सील म्हणून मागू नका, सीलच्या दुकानात जा. आणि गरम ऑइल, पेट्रोल सोसणारं रबर आहे का ते विचारा. माप बरोबर आणि रबर चुकीचं, असंही होतं."

"मोजायला व्हर्नियर आहे तुमच्याकडे?"

"आहे. पण गॅरेजात ठेवून जाणार नाही. मोजणार मी, लिहून घेणार रेवती."

"आणि मी?" पप्यानं विचारलं.

"तू चहाचे पैसे दे," मिल्या म्हणाला.