लांडग्यांची रांग, ‘अल्फा’ आणि घरातला कुत्रा

बर्फातून एकामागे एक चालणाऱ्या लांडग्यांचा फोटो गेली कित्येक वर्षं मोबाइलवर फिरतो आहे. सोबतचा मजकूर असा: पुढचे तीन लांडगे म्हातारे किंवा आजारी, तेच वेग ठरवतात. त्यांच्यामागे पाच धट्टेकट्टे, मग बाकीचा कळप, मग पुन्हा पाच धट्टेकट्टे आणि सगळ्यात शेवटी एकटा ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, साऱ्यांवर नजर ठेवणारा. खाली नेतृत्वाचा धडा. याच गोष्टीची पुढची पायरी कुत्रा पाळणाऱ्यांना सांगितली जाते: कुत्रा लांडग्याचाच वंशज, तेव्हा घरात तुम्ही अल्फा व्हा, नाहीतर तो डोक्यावर बसेल. फोटो खरा आहे. मजकूर नाही. आणि त्या पुढच्या सल्ल्यामुळे कुत्र्यांना आणि माणसांना खरोखरची इजा होते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पुढे म्हातारे, मागे नेता.’ हा फोटो चॅडन हंटर यांनी कॅनडातल्या वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानात टिपला. तो बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या २०११ च्या माहितीपट मालिकेतला. बायसनच्या शिकारीला निघालेला पंचवीस लांडग्यांचा तो कळप. मूळ वर्णनात पुढे म्हातारे नाहीत, कळपाची प्रमुख मादी आहे. खोल बर्फात वाट पाडणं हे रांगेतलं सगळ्यात दमवणारं काम; मागचे तयार वाटेवरून चालतात आणि शक्ती वाचवतात. ते काम आजाऱ्याच्या अंगावर टाकून कळपाचं भलं कसं होईल? म्हाताऱ्या लांडग्यांना कळपात मोल आहे, पण ते वेगळ्या कारणासाठी. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कळपाकळपांच्या लढाया पाहणाऱ्या संशोधकांना असं दिसलं, की ज्या कळपात वयस्क, अनुभवी लांडगे असतात त्याची जिंकण्याची शक्यता वाढते.

‘अल्फा मारामारी करून गादी मिळवतो.’ याचं मूळ १९४७ मध्ये सापडतं. संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठे झालेले लांडगे, जागा कोंदट, आणि सोडून जायचा मार्ग बंद. तिथे चढाओढ दिसली नसती तरच नवल. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती सगळीकडे पसरली. पण १९८६ पासून मेक यांनी कॅनडाच्या एल्समियर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या अगदी जवळ राहून काढले, आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली पिल्लं. पिल्लं आईबापांचं ऐकतात. वयात आली की गादीसाठी भांडत बसत नाहीत, जोडीदार आणि जागा शोधायला निघून जातात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा असं मेक स्वतः प्रकाशकांना सांगत राहिले. अखेर २०२२ मध्ये ते थांबलं. विद्याशाखेत एखादी चूक अशी उघडपणे दुरुस्त होते याचं मला मनापासून कौतुक वाटतं. दुःख एवढंच, की दुरुस्ती चुकीइतकी फिरत नाही.

लांडगे साधू आहेत असं मला म्हणायचं नाही. परक्या कळपातल्या लांडग्याला ते ठार मारतात, आणि ज्या मोठ्या कळपांत एकाहून जास्त माद्या वितात तिथे वरचढपणाची भांडणंही होतात.

‘म्हणून घरात तुम्ही अल्फा व्हा.’ खरा घोळ इथे आहे. कुत्रा माणसाजवळ येऊन निदान चौदा-पंधरा हजार वर्षं झाली. मोकाट कुत्रे लांडग्यांसारखी जूट करून मोठी शिकार क्वचितच करतात. ते उष्ट्या-खरकट्यावर जगतात आणि पिल्लं बहुतांशी आई एकटीच वाढवते. शिवाय माणूस कुत्रा नाही, हे कुत्र्याला पक्कं ठाऊक असतं. तो पट्टा ओढतो कारण त्याची चाल आपल्यापेक्षा वेगवान आहे. सोफ्यावर चढतो कारण सोफा मऊ आहे. यात सत्तापालट कुठेच नाही.

आता वाडग्यावरून गुरगुरणारा कुत्रा नीट पाहा. कोणी जवळ आलं की तो आधी जागच्या जागी ताठ होतो. मग भराभर गिळायला लागतो. मान खालीच, पण डोळे तिरके, पांढरी कड दिसेल इतके. ओठ किंचित वर जातो, आणि त्यानंतर गुरगुर येते. हातातलं जाईल अशी भीती वाटणाऱ्या प्राण्याची ही भाषा आहे. ‘अल्फा’ होण्यासाठी त्याला उताणं पाडून दाबून धरलं की ती भीती खरी ठरते. गुरगुरल्याबद्दल मार बसला तर तो गुरगुरणं सोडेल, भीती सोडणार नाही. पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावेल.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वर्तनाच्या तक्रारींसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के, उताणं दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के आणि डोळे रोखून पाहणाऱ्यांपैकी ३० टक्के मालकांनी सांगितलं, की त्यावर कुत्रा उलट आक्रमक झाला. हे कुत्रे आधीच तक्रारीचे होते, हे खरं. पण ‘अल्फा व्हा’ हा सल्लाही नेमका अशाच कुत्र्यांच्या मालकांना दिला जातो.

मग करायचं काय? तो खात असताना वाडग्याला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. तो ताठ होणार नाही इतक्या लांबून जाताना वाडग्यापाशी त्याच्या आणखी आवडीचं काहीतरी टाका आणि न थांबता पुढे जा. काही दिवसांनी तुमची चाहूल लागली की तो आशेने मान वर करेल; तसं झाल्यावरच अंतर थोडं कमी करा. आणि आजवर शांत असलेला कुत्रा अचानक अंगावर यायला लागला, तर दात, कान, सांधे यांपैकी काही दुखतं आहे का, हे आधी पशुवैद्यांकडून तपासून घ्या.