ई-माउंटन बाइकला परवाना लागत नाही, म्हणून जंगलाची वाट मोकळी होत नाही

गोव्यातील सायकलस्वारांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकला कायदा मोटार वाहन मानत नाही, म्हणजे ती साधी सायकलच आहे, तिला धूर नाही की आवाज नाही, त्यामुळे जंगलाला तिचा उपद्रव नाही, अमेरिकेत सरकारी जमिनींवरच्या वाटा अशा सायकलींना केव्हाच खुल्या झाल्या, आणि सरकारी जंगल जनतेचेच असल्याने मोले, नेत्रावळी किंवा चोर्ला अशा अभयारण्ये असलेल्या परिसरातील कोणत्याही पायवाटेवर ती नेण्याचा आपल्याला हक्क आहे, कोणी अडवल्यास हा संदेश दाखवावा. या सायकलींना गोव्यात चांगल्या वाटा मिळाव्यात असे मलाही मनापासून वाटते. नेमक्या त्याच कारणाने हा संदेश खोडून काढणे मला आवश्यक वाटते, कारण त्यावर विसंबून कोणी अभयारण्यात शिरला तर गुन्हा त्याच्यावर नोंदवला जाईल आणि पुढे रीतसर मागणी करणाऱ्यांचेही कोणी ऐकून घेणार नाही.

पहिले विधान अर्धे खरे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या सायकलीच्या साहाय्यक मोटरची सलग तीस मिनिटे देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे अडीचशे वॅटपेक्षा, कमी आहे आणि जिची मोटर वेग ताशी २५ किलोमीटरवर पोहोचताच, किंवा त्याआधी स्वाराने पेडल मारणे थांबवल्यास, बंद होते, ती मोटार वाहन ठरत नाही. परंतु ही सवलत नोंदणी आणि वाहन चालवण्याचा परवाना यांपुरती आहे. अभयारण्यातील प्रवेश ठरतो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि त्याचे २७ वे कलम प्रवेशाला बंदी घालताना वाहनाचा प्रकार पाहतच नाही. ते माणसाविषयी बोलते. कामावर असलेला सरकारी सेवक, मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घेतलेली व्यक्ती, अभयारण्याच्या हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक महामार्गावरून जाणारा प्रवासी, आणि यांतल्या पहिल्या तिघांचे अवलंबित, एवढ्यांनाच तेथे मुभा आहे. मोल्याच्या राष्ट्रीय उद्यानालाही हेच बंधन लागू आहे. जेथे पायी जायलाही परवानगी लागते, तेथे आपली सायकल अडीचशे वॅटची आहे की बिनमोटारीची, हा प्रश्न उद्भवतच नाही. पर्यटनासाठी परवानगी देण्याची तरतूद २८ व्या कलमात आहे. ती मागावी लागते.

कुळ्याहून दूधसागरला जीपगाड्या जातात, मग सायकल का नको, असाही सवाल त्याच संदेशाखाली विचारला जातो. त्या जीपगाड्या ठरलेल्या एकाच मार्गाने, परवानगी घेऊन जातात आणि पावसाळ्यात बंद असतात. त्यामुळे हे उदाहरण मोकळ्या संचाराच्या बाजूने नव्हे, नेमक्या परवानगीच्या बाजूने उभे राहते.

धूर आणि आवाज नसल्याने नुकसान नाही, हे विधान सर्वांत जास्त पसरले आहे आणि त्याचीच छाननी नीट व्हायला हवी. विरोधकही येथे अतिशयोक्ती करतात, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये माउंटन बाइकवाल्यांच्या संघटनेने घेतलेल्या एका छोट्या चाचणीत पेडल-असिस्ट, म्हणजे पेडल मारतानाच मोटर साथ देते अशा, सायकलीने उखडलेली माती साध्या माउंटन बाइकच्या तुलनेत लक्षणीय जास्त आढळली नाही. मोटारसायकलीने मात्र कितीतरी अधिक माती उखडली. परंतु त्या वाटा सायकलींसाठीच आखलेल्या होत्या. आपल्याकडची पायवाट चालणाऱ्याने जवळची म्हणून पाडलेली असते आणि ती उताराला सरळ भिडते. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या चढणीवर पावसाळ्यात वाकून पाहिले तर दिसते की पावलांचे ठसे तुटक असतात, तर चाकाची रेघ सलग वरपासून खालपर्यंत येते, आणि पाणी तीच रेघ धरून वाहू लागते. तांबडी माती वाहून जाते, जांभ्याची बारीक खडी उघडी पडते, मग पुढचा स्वार त्या खडीवरून घसरू नये म्हणून कडेच्या गवतावरून जातो आणि वाट रुंदावत राहते. साध्या सायकलीनेही हे घडतेच. फरक असा की तिचा स्वार दमतो आणि खडी चढण पाहून बहुधा पायथ्यालाच थांबतो. मोटरची साथ असलेला स्वार तीच चढण पुन्हा पुन्हा चढतो, आणि आजवर ज्या वाटेला कोणी सायकल लावली नाही तेथेही पोहोचतो. पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, जेथे जांभ्याच्या खळग्यांत बोटभर मातीवर फुलांचे ताटवे उगवतात, तेथे तर एकच ओली फेरी पुरेशी असते.

आवाज नसणे हा तर जंगलात गुण म्हणता येत नाही. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. वळणापलीकडे दहा मीटरच दिसत असेल तर स्वाराच्या हातात जेमतेम दीड सेकंद उरतो. समोर गवा असेल तर तो बिथरतो. काजूच्या हंगामात बोंडूंची पाटी डोक्यावर घेऊन उतरणारी बाई असेल तर तिला बाजूला व्हायला जागाही नसते.

ती बाई तेथे का असते, याचे उत्तर ‘जनतेचे जंगल’ या विधानाला लागू पडते. वनविकास महामंडळाच्या काजूबागांचे लिलाव होतात आणि घेणाऱ्याचा त्या हंगामापुरता तेथे हक्क असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वननिवासींचे दावे आहेत. आणि ज्याला आपण सरकारी पडीक समजतो तो सडा पुष्कळदा गावच्या कोमुनिदादीचा, म्हणजे जमिनीची सामूहिक मालकी असलेल्या पारंपरिक गावसंस्थेचा, असतो. कुंपण नाही म्हणजे मालक नाही, असे गोव्यात गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेचा दाखलाही चुकीचाच दिला आहे. तेथील राष्ट्रीय उद्याने व इतर सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याने २०१९ मध्ये ई-बाइकना अनुकूल आदेश काढला हे खरे, पण २०२० च्या नियमांनी कोणती वाट खुली करायची हा निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांकडेच ठेवला. राष्ट्रीय वने सांभाळणारी वनसेवा तर ई-बाइकला मोटार वाहनच मानते आणि त्यासाठी नेमून दिलेल्या रस्त्यांवर व वाटांवरच जाऊ देते.

गुडघ्यांनी साथ सोडलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला ही सायकल पुन्हा डोंगर दाखवू शकते, आणि त्याच्यासाठी मागणी करायलाच हवी. ती वनखात्याच्या रुंद जंगलरस्त्यांपैकी नेमक्या रस्त्यांची नावे घेऊन करावी: पेडल न मारता मोटर चालवणाऱ्या थ्रॉटलला मनाई, जून ते सप्टेंबर बंद, दिवसाच्या फेऱ्यांवर मर्यादा आणि चालणाऱ्याला आधी वाट. अभयारण्यातील रस्त्यासाठी अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, बाहेरच्या राखीव जंगलासाठी वनखात्याकडे आणि सड्यावरच्या वाटेसाठी त्या गावच्या कोमुनिदादीकडे द्यावा लागेल.