थांबा नवा, फलक नवा, बस कुठाय?

परवा बसथांब्यावर ३७ मिनिटं उभा होतो. थांबा देखणा होता. काचेचं छत, स्टीलची बाकं, डोक्यावर डिजिटल फलक. फलकावर शेवटपर्यंत ‘६ मिनिटे’ दिसत राहिलं, त्या सहाची पाच काही झाली नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, “थांब्याला पैसे मिळाले, बसला मिळाले नसतील.” सगळे हसलो. पण सार्वजनिक वाहतुकीचा पैसा जगात बहुतेक ठिकाणी असाच वाटला जातो, आणि हवामानाच्या मोठमोठ्या गप्पा तिथेच अडकून पडतात, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

वाहतुकीच्या पैशाचे खिसे दोन. एक भांडवली खर्चाचा: पूल, बोगदे, रूळ, नव्या गाड्या. दुसरा रोज गाडी चालवण्याचा: चालक-वाहकांचे पगार, डिझेल नाहीतर वीज, टायर, दुरुस्ती. पहिल्या खिशात पैसे ओतायला सगळे एका पायावर तयार असतात. त्याला कर्ज मिळतं, विकास बँका येतात, हल्ली हवामान निधीही येतो, आणि शेवटी कापायला फीत असते. दुसऱ्या खिशातून पैसे गेले की त्याला ‘तोटा’ म्हणायचं. रस्त्यावर दरवर्षी डांबर ओततात त्याला मात्र तोटा म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

अमेरिकेत तर हे नियमातच बसवलेलं आहे. इंधनावरच्या संघराज्य करातून जो निधी जमतो, त्याची १९८२ पासूनची ढोबळ वाटणी अशी: ८० टक्के महामार्गांना, २० टक्के सार्वजनिक वाहतुकीला. त्यातही १९९८ पासून दोन लाखांवर वस्तीच्या शहरांना बस विकत घ्यायला नेहमीच्या योजनेतून मदत मिळते, पण त्या चालवण्यासाठी साधारणपणे मिळत नाही. गाडी घ्या, चालकाचं तुमचं तुम्ही बघा. मग चालवायचे पैसे आटले की आहे त्याच गाड्यांच्या फेऱ्या कापल्या जातात.

आणि कार्बनचा हिशेब फेऱ्यांवरच ठरतो. नुसती बस विकत घेऊन धूर कमी होत नाही. माणूस स्वतःची गाडी घरी ठेवून बसमध्ये चढला, तरच होतो. तो कधी चढेल? बस दर दहा मिनिटांनी येत असेल तर तो वेळापत्रक बघतच नाही, सरळ थांब्यावर जातो. तीच चाळीस मिनिटांनी येत असेल तर पहिली संधी मिळताच दुचाकीचं कर्ज काढतो. आणि एकदा हप्ते सुरू झाले की तो माणूस पुढची दहा वर्षं तुमच्या बसमध्ये येत नाही.

आता दुसरी बाजू, हवामानाची. ऊर्जेच्या वापरातून जगभर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला सुमारे एक चतुर्थांश वाहतुकीचा, आणि त्यातलाही बहुतांश रस्त्यावरचा. तरी हवामान आराखडा एका खात्यात तयार होतो, रस्त्यांचा अर्थसंकल्प दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही फायलींची गाठ पडत नाही. रस्त्याचा प्रकल्प मंजूर कसा होतो ते बघण्यासारखं आहे. रुंदीकरणाने प्रत्येक गाडीचे दोन-तीन मिनिटं वाचतील असं धरतात. त्या मिनिटांना गाड्यांच्या संख्येने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं, मग वेळेची किंमत लावायची. फायद्याचा डोंगर उभा राहतो. त्या डोंगराशेजारी कार्बनची किंमत उंदराएवढी दिसते.

पण ती मिनिटं वाचतात का? ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की शहरातल्या महामार्गांची लांबी जितके टक्के वाढते, साधारण तितकेच टक्के गाड्यांची धावही वाढते. तिथल्याच ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये इतका रुंद केला, की काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ लेन मोजता येतात. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. म्हणजे ज्या वाचलेल्या वेळेवर पैसे मंजूर झाले, ती वेळ नव्या गाड्यांनी खाल्ली आणि धूर तेवढा वाढून बसला. सव्वीस लेन! आपण आकडा वाचतो आणि पुढे जातो, पण एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.

याला उपाय नाही असं नाही, आणि तो सापडलाय रस्त्यांच्या माहेरघरी, अमेरिकेतच. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने पर्यावरण तपासणीतला प्रश्नच बदलला. प्रकल्पामुळे गाड्या किती खोळंबतील हे विचारण्याऐवजी लोकांना गाडीने किती जास्त अंतर कापावं लागेल हे विचारायचं. हा बदल राज्यभर सक्तीचा व्हायला २०२० उजाडलं, तो भाग वेगळा. मला जास्त भावलं ते कोलोराडो. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या वाहतूक आयोगाने नियम केला, की राज्याच्या आणि मोठ्या शहरी भागांच्या वाहतूक आराखड्यांनी उत्सर्जन ठरलेल्या प्रमाणात कमी करून दाखवायचं. नाही दाखवलं तर काही निधी फक्त उत्सर्जन घटवणाऱ्या कामांवरच खर्चता येईल. ‘शक्य तिथे प्रयत्न करू’ वगैरे भाषा नाही, थेट तिजोरीच्या किल्लीला हात. पुढच्याच वर्षी महामार्ग बांधण्यात हयात गेलेल्या खात्याने डेन्व्हरमधून जाणाऱ्या आय-२५ महामार्गाचं रुंदीकरण बाजूला ठेवलं आणि पैसा जलद बसमार्गांकडे वळवला. खात्यातली माणसं तीच होती, एका वर्षात कोणाचं हृदयपरिवर्तन झालं असेल असं मला वाटत नाही. नियम मात्र बदलला होता.

ब्रिटनमधल्या वेल्सनेही २०२३ मध्ये रस्त्यांच्या योजना हवामानाच्या कसोटीवर तपासून त्यातल्या बऱ्याचशा गुंडाळल्या.

इथे मेट्रोप्रेमी मित्र रागावतील, पण हीच कसोटी मेट्रोलाही लावा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो, आणि भुयारी मार्ग म्हणजे सिमेंट आणि पोलाद. बांधकामातच केलेलं हे कार्बनचं कर्ज गच्च भरलेल्या मार्गावर काही वर्षांत फिटतं. अर्ध्या रिकाम्या मार्गावर व्याजच चढत राहतं. तितक्या पैशात रस्त्याची एक लेन आखून तिच्यावर कितीतरी जास्त लांबीचा बसमार्ग होतो. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने हे १९७४ मध्ये करून दाखवलं, कोलंबियाच्या बोगोटाने २००० मध्ये. फरक एवढाच, की बसला लेन द्यायची म्हणजे गाडीवाल्यांकडून काढून घ्यायची. बोगद्यात कोणाशी भांडावं लागत नाही. माझा संशय असा, की बोगदे इतके लाडके असण्याचं अर्धं कारण हेच आहे.

फुकट प्रवासाबद्दलही मी थोडा थंडच आहे. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ मध्ये आपल्या रहिवाशांना प्रवास मोफत केला, लक्झेंबर्गने २०२० मध्ये सगळ्यांनाच. गरिबाच्या खिशाला त्याने आराम मिळतो, त्यासाठी जरूर करा. पण रस्त्यावरच्या गाड्या त्याने फारशा घटल्या नाहीत. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोत महिनाभर प्रवास दिला. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटं विकली गेली, केंद्राने राज्यांना अडीच अब्ज युरो भरपाई दिली, आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेगाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. तिकीट स्वस्त झालं, पण डबे तेवढेच होते.

मग चालवायचे पैसे आणायचे कुठून? फ्रान्सचं उत्तर पन्नास वर्षं जुनं आहे. १९७१ पासून आधी पॅरिस परिसरात आणि मग इतर शहरांत ठरावीक संख्येच्या वर कर्मचारी असलेल्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतात. कामगार वेळेवर पोचतो याचा फायदा मालकाला, तर वाटा त्यानेही उचलावा. तो पैसा बांधकामाबरोबरच रोजच्या खर्चालाही वापरता येतो.

दुसरं उत्तर गर्दीशुल्काचं. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमने जानेवारी २००६ मध्ये प्रयोग म्हणून शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं. त्याआधी, ऑगस्ट २००५ पासूनच, जादा बसफेऱ्या सुरू केल्या होत्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पर्याय आधी आला, दंडुका नंतर. वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली, सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला, २००७ पासून शुल्क कायम झालं.

पण दरम्यान देशात नवं सरकार आलं होतं आणि त्याने ठरवलं, की हा पैसा परिसरातल्या नव्या रस्त्यांवर खर्च करायचा. त्यातलाच एक म्हणजे शहराला वळसा घालणारा २१ किलोमीटरचा महामार्ग, त्यातला १८ किलोमीटर बोगद्यात. गाड्या कमी करायला लावलेल्या शुल्कातून गाड्यांसाठी बोगदा! पुढे २०१३ च्या करारात वाढीव शुल्काचा वाटा मेट्रोच्या विस्ताराकडे वळवला, हेही नोंदवतो. म्हणून मी कुठल्याही गर्दीशुल्काच्या बाजूने हात वर करीन, पण एका अटीवर: पैसा फेऱ्यांवर जाईल हे शुल्काच्या कायद्यातच लिहिलेलं हवं, आणि जादा बस पहिली पावती फाडायच्या आधी रस्त्यावर हवी.