मध्यंतर कुठेही, दिवे केव्हाही

हिंदी किंवा मराठी चित्रपटाचा पटकथाकार मध्यंतर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितो. तो प्रसंग चढवत नेतो, प्रेक्षकाला एका टोकाशी आणून सोडतो आणि मग पाटी येते, म्हणून ती खटकत नाही. हॉलिवूडचा चित्रपट असा बांधलेला नसतो. हे आपल्याकडच्या चित्रपटगृहचालकांना ठाऊक नाही असे मी मानायला तयार नाही. त्यांना ते पक्के ठाऊक आहे आणि त्याची त्यांना काडीचीही पर्वा नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या तीन चित्रपटांच्या मालिकेतला पहिला, 'द फेलोशिप ऑफ द रिंग' हा २००१ सालचा चित्रपट मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला, म्हणून मी आवर्जून तिकीट काढून गेले. जादूची अंगठी नष्ट करायला रिव्हेंडेल या एल्फ लोकांच्या ठाण्यावरून निघालेले नऊ जण डोंगरातल्या खडकांमधून एकामागून एक पुढे येऊ लागले, ट्रम्पेटसारखी ब्रासची सगळी वाद्ये उसळून त्या नऊ जणांची धून वाजू लागली, आणि ती अर्ध्यावर असतानाच पडदा काळा झाला. पुढच्याच क्षणी एका शीतपेयाची जाहिरात कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात सुरू झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि हे लिहितानाही ती शांत झालेली नाही.

यात एवढे चिडण्यासारखे काय, असे ज्यांना वाटते त्यांना ती धून म्हणजे काय हे सांगायला हवे. संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी या तीन चित्रपटांत निरनिराळ्या लोकांना, प्रदेशांना आणि खुद्द अंगठीला स्वतःची धून दिली आहे, आणि बहुतेक धुनांचा वाद्यमेळही विचारपूर्वक ठरवला आहे. नायक फ्रोडोच्या शायर या मुलखासाठी टिन व्हिसल आणि फिडल, घोडेस्वारांच्या रोहन राज्यासाठी नॉर्वेचे हार्डँगर फिडल, मोरिया या डोंगराखालच्या खाणींच्या अंधारासाठी पुरुषांचा खर्जातला समूहस्वर, दुष्ट जादूगाराच्या आयझेनगार्ड या गडासाठी धातूवर आघात करून काढलेला पाच मात्रांचा ठोका. नऊ जणांच्या तुकडीची धून मात्र सुरुवातीलाच पूर्ण ऐकायला मिळत नाही. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम घर सोडून शेतातून चालू लागतात, तेव्हा तिचा एक लहानसा, जवळजवळ लाजरा तुकडा कानावर पडतो. सोबती जमत जातात तशी ती भरत जाते आणि तुकडी पूर्ण होऊन वाटेला लागली की सगळा वाद्यवृंद ती पूर्ण ताकदीने वाजवतो. पुढे मोरियात तुकडीचा वाटाड्या, जादूगार गँडाल्फ कोसळतो आणि त्यानंतर ती तुटक होत जाते. म्हणजे दीड तासाहून अधिक वेळ संगीतकाराने जे कणाकणाने रचत आणले, ते हाती पडण्याच्या नेमक्या क्षणी आमच्या चित्रपटगृहाने त्यावर कात्री चालवली.

ही कात्री चालवणाऱ्याने तो चित्रपट पाहिलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. एकूण मिनिटे मोजायची, त्यांचे दोन भाग करायचे, खाद्यपदार्थांच्या काउंटरवर गर्दी कोणत्या वेळी झालेली परवडेल ते बघायचे आणि त्या मिनिटावर खूण करून ठेवायची, एवढाच यामागचा विचार. तिथे कोणी बोलत आहे का, कोणी मरत आहे का, वाद्यवृंद कुठल्या मात्रेवर आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. याच चित्रपटाची विस्तारित आवृत्ती डीव्हीडीवर निघाली तेव्हा ती दोन तबकड्यांत विभागावी लागली होती, आणि पहिली तबकडी संपते ती रिव्हेंडेलच्या एल्रॉन्डने बोलावलेल्या सभेच्या शेवटी, तुकडीला तिचे नाव मिळते त्या जागी. थांबण्यासाठी त्याच्याइतकी नैसर्गिक जागा त्या चित्रपटात दुसरी नाही आणि ती आमच्या मध्यंतरापासून फार लांबही नव्हती. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२ सालच्या चित्रपटात मध्यंतर आहे, पण ते दिग्दर्शकाने ठरवलेले आहे आणि मध्यंतरानंतर प्रेक्षक परतत असताना वाजण्यासाठी मोरिस जार यांचे संगीतही आहे. मध्यंतराला माझा विरोध नाही. चार तासांच्या चित्रपटात लोकांना उठावे लागते, वयस्कर माणसांना तर लागतेच. पण ते कुठे घ्यायचे हे ठरवण्यासाठी एका माणसाने एकदा तो चित्रपट बघावा, एवढीही अपेक्षा करायची नाही का?

मध्यंतराचे घाव एकवेळ सोसता येतात, कारण नंतर चित्रपट पुन्हा सुरू होतो. शेवटी जे होते ते सोसवत नाही. शेवटचे दृश्य मावळते, पडद्यावर पहिले नाव उमटते न उमटते तोच सगळे दिवे भगभगून लागतात, दोन्ही बाजूंची दारे धाडकन उघडली जातात, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि झाडू घेतलेली मंडळी शेवटच्या रांगेपासून कामाला लागतात. त्या कामगारांवर माझा राग नाही. पुढच्या खेळापर्यंत सभागृह झाडून व्हायला हवे, असा हुकूम त्यांना वरून आलेला असतो. राग त्या वरच्यांवर आहे. मैफलीत भैरवी सुरू झाल्यावर सतरंज्या गुंडाळायला घेतल्या तर पुण्या-मुंबईचाच काय, लहानशा गावातला श्रोताही गप्प बसणार नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वाजते ते संगीत म्हणजे संगीतकाराची भैरवीच असते, आणि तिथे मात्र उठून जाणारा शहाणा आणि बसून राहणारा खुळा ठरतो.

याच मालिकेतला तिसरा, 'द रिटर्न ऑफ द किंग' घ्या. २००३ सालच्या या चित्रपटाला अकरा ऑस्कर मिळाली. त्यांत शोअर यांच्या पार्श्वसंगीताचे एक होते आणि अॅनी लेनॉक्स यांनी गायलेल्या 'इंटू द वेस्ट' या गीताचे एक होते. हे गीत वाजते कुठे? श्रेयनामावलीवर. मिनास टिरिथ या शहराच्या वेढ्यात घाबरलेल्या, नऊ जणांतल्या पिपिनला गँडाल्फ मरणाविषयी समजावतो, तेव्हा याच गीताची चाल शब्दांविना, अगदी हळुवार येऊन गेलेली असते, आणि तिचे शब्द काय आहेत हे चित्रपट संपल्यावरच कळते. त्या गीताबरोबर पडद्यावर अॅलन ली या चित्रकाराने पेन्सिलीने काढलेली कलाकारांची रेखाचित्रे एकेक करून येतात. तीन तासांहून अधिक वेळ ज्यांच्याबरोबर काढला त्या माणसांचा तो निरोप असतो. आमच्या इथे ती रेखाचित्रे मला दिसली ती पुढच्या दोन रांगांतून उठलेल्या लोकांच्या डोक्यांमधल्या फटींतून, आणि तीही डोक्यावरच्या दिव्यांमुळे इतकी फिकट की पेन्सिलीची रेघ ओळखू येईना. गीत ऐकू आले ते खुर्च्यांच्या खडखडाटातून. पहिल्या भागाचेही तेच. त्याच्या श्रेयनामावलीत एन्या यांचे गीत संपल्यावर 'इन ड्रीम्स' हे एका मुलाच्या आवाजातले गीत येते, आणि त्यात शायरची ती सगळ्यांच्या तोंडी असलेली चाल पहिल्यांदाच शब्द घेऊन येते. त्या चित्रपटावर जीव टाकणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना ते गीत आहे हेच ठाऊक नव्हते. यात त्यांचा काय दोष? त्यांना ते कोणी ऐकूच दिलेले नाही.

मी व्यवस्थापकांना गाठून विचारले. त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितले, "मॅडम, पिक्चर संपलाय. आता नुसती नावं आहेत." मी म्हटले, "नावांच्या मागे जे वाजतंय त्याला ऑस्कर मिळालंय, ते ऐकायला मी पैसे भरलेत." त्यावर ते हसले आणि पुढच्या खेळाची वेळ झाल्याचे म्हणाले. पुढच्या खेळाची वेळ! सुरुवातीला जाहिरातींचा रतीब घालताना ही वेळ कुठे जाते? तिकिटावर छापलेल्या वेळेला चित्रपट सुरू होत नाही, ट्रेलर, दागिने, बांधकाम प्रकल्प, पुन्हा ट्रेलर असे करत प्रेक्षकाला ताटकळत ठेवायला वेळ असतो, आणि ज्यासाठी तो आला त्याची शेवटची दहा मिनिटे मात्र परवडत नाहीत.

आणि प्रेक्षक थांबत नाहीत म्हणून आम्ही दिवे लावतो, हे तर मला सांगूच नये. सुपरहिरोंच्या चित्रपटांत नावांनंतर एखादे छोटे दृश्य असते असे कळल्यावर हेच सभागृह शेवटच्या नावापर्यंत गच्च भरलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हा कोणी दिवे लावत नाही. म्हणजे अंधार ठेवता येतो, लोकांना बसवता येते, वेळापत्रकही कोलमडत नाही. फक्त संगीतासाठी ते करण्याची कोणाची इच्छा नाही.

घरी तरी सुख असावे, तर तेही नाही. 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान' या २००४ सालच्या चित्रपटाची श्रेयनामावली म्हणजे जादूच्या नकाशावरून चालणाऱ्या शाईच्या पाऊलखुणा. त्यांच्यासोबत जॉन विल्यम्स यांनी त्या चित्रपटातल्या आपल्या धुनांची जी माळ गुंफली आहे ती अल्बमवर बारा मिनिटांहून अधिक आहे. विल्यम्स यांचा या मालिकेतला तो शेवटचा चित्रपट. चौथ्यापासून दुसरे संगीतकार आले. असा निरोप टीव्हीवर स्ट्रीमिंगवरून बघायला बसावे, तर पहिल्या काही सेकंदांतच सगळे चित्र आक्रसून कोपऱ्यातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढे होते, आवाज खाली जातो, आणि उरलेल्या पडद्यावर भलत्याच कुठल्यातरी मालिकेची झलक उलटी मोजणी करत उभी राहते. रिमोट उचलून, बाणांची बटणे दाबत त्या चिमुकल्या चौकटीवर जाऊन ती पुन्हा मोठी करेपर्यंत धून पुढे निघून गेलेली असते. एक सेकंद उशीर झाला तर ती मालिका सुरूच होते, आणि मागे येऊन पुन्हा शेवट शोधावा लागतो. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणे मी बंद केले आहे, तरी ती चौकट आक्रसायची थांबत नाही. दूरचित्रवाहिन्यांविषयी तर बोलायलाच नको. तिथे श्रेयनामावली दाखवतच नाहीत.

हे सगळे इतके जिव्हारी का लागते, त्याचे कारण आपल्या परिस्थितीत आहे. लंडनमधल्या माणसाला हे संगीत चित्रपटगृहात नीट ऐकता आले नाही, तर ज्या लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने ते वाजवले त्याची मैफल त्याच्या शहरात असते. आपल्याकडे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि तो आहे याचा मला मनापासून आनंद आहे, पण सांगलीच्या, अकोल्याच्या किंवा नांदेडच्या मुलीने एवढा मोठा वाद्यवृंद पूर्ण आवाजात ऐकायचा कुठे? तिच्यासाठी चांगली ध्वनियंत्रणा असलेले चित्रपटगृह हीच एकमेव जागा आहे. माझ्याही कानांवर हार्डँगर फिडल पहिल्यांदा पडले ते अशाच अंधाऱ्या सभागृहात. पुढे मी त्या वाद्याचा शोध घेतला, त्याच्या मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा असतात हे वाचले आणि आपल्या सारंगीशी त्याचे नाते जुळताना पाहून हरखून गेले. ही दारे उघडतात ती चित्रपटगृहात. तीच तोंडावर आपटून बंद करण्याचा अधिकार या लोकांना कोणी दिला?

माझे मागणे फार मोठे नाही. मध्यंतराची जागा चित्रपट पाहिलेल्या माणसाने ठरवावी. शेवटचे नाव जाईपर्यंत दिवे मंद ठेवावेत. जाणाऱ्यांना पायऱ्यांवरच्या पट्टीचा उजेड पुरतो. दारे हलक्या हाताने उघडावीत. आवाज कमी करू नये. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. यापुढे असा चित्रपट लागला की तिकीट घेण्याआधी मी खिडकीवर दोन प्रश्न विचारणार आहे: मध्यंतर कोणत्या दृश्यावर आहे, आणि दिवे केव्हा लागणार? उत्तर मिळाले नाही तर तिकीट घेणार नाही, आणि माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही ते का घेत नाही हे मोठ्याने सांगणार आहे.