हायड्रोजेल टाकले म्हणून ठिबक बंद करता येत नाही

रावेरच्या आमच्या मामांनी परवा फोन करून विचारले की, केळीच्या पिलबागेतल्या (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेतल्या) ठिबकाच्या जुन्या नळ्या बदलण्याऐवजी एकरी 2 किलो हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारे दाणे, टाकले तर भागेल का. त्यांना आलेला संदेश तोवर नात्यातल्या बहुतेक केळीवाल्यांकडे फिरून झाला होता. हे दाणे वजनाच्या 400 पट पाणी धरतात म्हणून ठिबक बंद ठेवता येते, ट्यूबवेलचे पाणी जड असले तर त्यातले क्षारही दाणेच शोषून घेतात आणि मुळांना गोडे पाणी मिळते, खतात कालवले तरी चालते आणि एकदा टाकले की 5 वर्षे बघावे लागत नाही, असे त्यात लिहिले आहे. पुराव्यादाखल ग्लासात दाणे फुगत असल्याची चित्रफीत जोडलेली आहे.

ठिबक बंद करण्याचा सल्ला साध्या गुणाकारातच बाद होतो. 2 किलोच्या 400 पट म्हणजे 800 लिटर. 5 बाय 5 फुटांवर एकरी 1,700 च्या वर झाडे बसतात, तेव्हा झाडाच्या वाट्याला अर्धा लिटरही येत नाही, आणि भर उन्हाळ्यात निसवणीतली (घड बाहेर पडतानाची) केळी दिवसाला 15 लिटरच्या आसपास पाणी मागते. शिवाय दाणे पाणी तयार करत नाहीत, आपण दिलेलेच धरून ठेवतात.

क्षारांचा दावा मात्र नुसता चुकीचा नाही, तर नेमका उलटा आहे, आणि आपल्या भागात तोच सर्वांत महागात पडेल. हे जेल म्हणजे एकमेकींना जागोजागी बांधलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या. साखळीवर ऋणभाराचे गट असतात आणि त्यांच्या जोडीला सोडियमचे सुटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, सोडियममुळे आत परासरणाचा (पाणी आत ओढणारा) दाब तयार होतो आणि पाणी आत शिरून साखळ्या पसरतात. 400 पटींचा आकडा क्षारविरहित पाण्यातला आहे, 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात हेच दाणे साधारण 30 ते 60 पटींवर येतात. कॅल्शियम त्याहून वाईट, कारण त्याचा एक आयन दोन सोडियमांना हुसकावतो आणि दोन ऋणगटांना एकत्र धरून ठेवतो, त्यामुळे साखळ्या जवळ ओढल्या जाऊन जेल आकसते. अमेरिकेतल्या एमआयटीत तोयोइची तानाका यांनी 1978 मध्ये जेल असे एकाएकी कोसळते हे दाखवले, आणि सहसंशोधक ओमिने यांच्यासह 1982 मध्ये, मॅग्नेशियमसारख्या दुहेरी भाराच्या आयनाला हेच घडवायला सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाण पुरते, हेही मांडले. त्यांचे द्रावण ॲसिटोन व पाण्याचे होते, शेतातले नव्हते, परंतु भारांचे गणित तेच आहे.

ते गणित आपल्या पाण्याला लावून पाहावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला 600 मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा (पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम) चालवून घेते. 400 मिलिग्रॅमचे पाणी धरले, तरी अशा एका लिटरातले कॅल्शियम-मॅग्नेशियम एक ग्रॅम जेलवरचे जवळजवळ सगळे ऋणगट व्यापायला पुरेसे असते. एकरी 2 किलो म्हणजे झाडामागे ग्रॅमभरच जेल, आणि त्याच्या भोवती रोज 15 लिटर पाणी. त्यातला प्रत्येक आयन दाण्याला गाठेल असे नव्हे, पण गाठण्यासाठी त्याच्याकडे पुढचे सगळे दिवस मोकळे आहेत. ड्रीपरच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो आणि ज्यासाठी आपण लॅटरलमध्ये (ठिबकाच्या नळीत) ॲसिड सोडतो, तो याच कॅल्शियमचा. आकसलेल्या दाण्यावर पुढे पाऊस पडला, तरी कॅल्शियम पूर्ण सुटत नाही आणि दाणा पूर्वीइतका फुगत नाही.

चित्रफितीतली फसवणूक इथेच आहे, कारण कॅल्शियमच्या पाण्यातही दाणे आधी फुगतात. पाणी भराभर आत जाते, कॅल्शियमची अदलाबदल मागाहून बाहेरून आत सरकत जाते. कड आधी आवळून घट्ट होते आणि मग हळूहळू आतले पाणी बाहेर पडते. दाणा जितका मोठा तितकी ही चाल संथ: व्यास दुप्पट झाला, तर वेळ सुमारे चौपट. पहिल्या अर्ध्या तासाचे चित्रण करून कॅमेरा बंद केला की कोणतेही पाणी चांगलेच दिसणार.

खताविषयी थोडक्यात. युरियाला भार नसल्यामुळे त्याने फारसे बिघडत नाही. पांढरे पोटॅश जेलची धारणा घटवते, आणि कॅल्शियम नायट्रेटसोबत कालवणे म्हणजे दाणे मातीत जाण्याआधीच निकामी करणे.

एकरी किलो-दोन किलोचा आकडा मात्र हवेतला नाही, हे मान्य करावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा हायड्रोजेलची मात्रा हेक्टरी 2.5 ते 5 किलोच आहे. पण ती बियाण्याच्या ओळीत, मुळांजवळ द्यायची असते आणि तिचा हेतू पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर थोडे वाढवणे हा आहे, पाळी रद्द करणे हा नव्हे. हलक्या, वाळूसर जमिनीत किंवा रोपवाटिकेत तिचा उपयोग होऊ शकतो. तापीकाठच्या भारी काळ्या मातीत, जी स्वतःच भरपूर पाणी धरते, तिथे फरक कमी पडणार.

राहिली 5 वर्षे. साखळी मातीत टिकेलही, परंतु ती कुजली नाही एवढ्यावरून ती पाणी धरते आहे असे ठरत नाही. विक्रेत्याला पैसे देण्याआधी चिमूटभर दाणे बॅटरीच्या (क्षारविरहित) पाण्यात आणि तितकेच आपल्या ट्यूबवेलच्या भरपूर पाण्यात टाकावेत, ट्यूबवेलचे पाणी रोज बदलावे, आणि आठवड्याने दोन्ही गाळून वजन करावे, म्हणजे आपल्या पाण्यात दाणे किती कमी पाणी धरतात ते दिसेल.