रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये ‘लाल पारा’ नसतो

गिरगावात राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या रविवारी आपल्या जुन्या फिलिप्स रेडिओतला ईएल८४ व्हॉल्व्ह, म्हणजे संदेश वाढवणारी निर्वात काचेची नळी, टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडला. ज्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर आतून आरशासारखा मुलामा असतो, त्यात अणुबाँबसाठी लागणारा, कोट्यवधींचा ‘लाल पारा’ असतो, असा संदेश त्यांना आला होता. टॉवेलात काचेचा चुरा, अभ्रकाच्या चकत्या आणि पत्र्याची काळपट डबी एवढेच निघाले.

तो मुलामा बेरियमचा असतो. कारखान्यात पंपाने हवा काढून काच बंद केली तरी आत थोडे वायू उरतातच. म्हणून वरच्या बारीक कड्यात भरलेले बेरियम बाहेरून विद्युत वेटोळ्याने तापवतात, त्याची वाफ काचेवर बसते आणि उरलेले वायू, तसेच पुढे धातूच्या भागांतून हळूहळू सुटणारे वायूही, शोषत राहते. याला गेटर म्हणतात. काच फुटून हवा शिरली की चकचकीत बेरियमची पांढरी भुकटी होते, आणि मामांच्या टॉवेलातल्या काचांवर मला नेमकी तीच दिसली. पारा हवा लागून असा पांढरा पडत नाही.

चालू व्हॉल्व्हमधला तांबूस उजेड हा म्हणे दुसरा पुरावा. तो ६.३ व्होल्टवर तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा असतो. तिच्याभोवती बेरियम-स्ट्राँशियम ऑक्साइडचा लेप दिलेली निकेलची नळी, त्याबाहेर तारेच्या तीन जाळ्या आणि सर्वांत बाहेर ती काळपट डबी, म्हणजे प्लेट. यात द्रव ठेवायला जागाच कुठे आहे? लसूण जवळ नेताच लाल पारा पळतो, ही अफवेतली परीक्षा मी भुताखेतांसाठी सोडून देतो.

पारा असलेले व्हॉल्व्ह होते, हे मात्र मान्य करावे लागेल. ८६६ हा रेडिओ प्रक्षेपकांत वापरला जाणारा रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा व्हॉल्व्ह, त्यांपैकीच. पण त्यातला पारा नेहमीसारखा रुपेरी असतो आणि त्याची वाफ निळसर उजळते. हिंगूळ लाल असतो आणि पाऱ्यापासूनच होतो, हेही खरे. त्याचा रेडिओशी संबंध नाही.

अणुबाँबसाठी लागणारा ‘लाल पारा’ असा काही पदार्थच नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ सालीच सांगितले आहे. तरी २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा जुन्या शिलाई यंत्रांबद्दल पसरून त्यांचे भाव अवाच्या सवा चढले होते. आता आपल्याकडे रेडिओची पाळी आलेली दिसते.

ईएल८४ तर गिटारच्या अँप्लिफायरसाठी स्लोव्हाकियात आजही नवा बनतो. मामांसाठी तोच मागवला आहे.